ओसरीवरून : पाठमोरी लाथ

आमच्या घरांत एकाचा पाय दुसऱ्यास चुकून लागला, तर ज्याचा लागला त्यानें लागलीच वांकून त्या व्यक्तीस हात लावावा आणि तो हात आपल्या छातीशीं नेऊन नमस्कार करावा, अशी रीति आहे. ती आमच्याच घरांत आहे असें नाहीं. वाचकांपैकीं बहुतेकांकडे ती असेल. पाय पोथीस लागला, धान्याच्या सुपास लागला, फार काय केरसुणीस लागला, तरी नमस्कार चुकत नाहीं. अशा घरांतील तेरा वर्षांची मुलगी एके दिवशीं दिवेलागणीस ओसरीवर येऊन, "आजोबा, आतां आम्हांला डोक्यावर मारायची लाथ शिकवणार आहेत," असें मोठ्या आनंदानें सांगते, तेव्हां घरांत काय झालें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

आमच्या वडील भगिनी (घरांतील सर्वजण त्यांना आत्याबाई म्हणतात) जपमाळ थांबवून म्हणाल्या, "लाथ हा शब्दच मुळीं या उंबऱ्याच्या आंत नको." आम्हांस संस्कृताचा थोडा व्यासंग असल्यामुळें आम्हीं 'पादप्रहार' हा शब्द पुढें केला. नातीनें सांगितलें कीं, वर्गांत त्यास 'स्पिनिंग हुक किक' म्हणतात, आणि मूळ कोरियन नांव 'द्वी हुर्यो चागी' असें आहे. या सर्वांत आत्याबाईंस कोरियन नांव अधिक सभ्य वाटलें. कारण त्याचा अर्थ त्यांना कळला नाहीं. आम्ही या लेखांत साधें मराठी नांव घेणार आहों : पाठमोरी लाथ. प्रतिपक्षाकडे पाठ फिरवून, गिरकी घेऊन, टांचेनें मारावयाची ती.

नात जी विद्या शिकते तिचें नांव तायक्वांदो. पाय, मूठ आणि मार्ग अशी त्या शब्दाची फोड आहे. पाय पहिला आला आहे हें ध्यानांत घ्यावें. कोरियांत 'तेक्क्यॉन' या नांवाचा, मुख्यतः पायांनीं खेळावयाचा, एक जुना खेळ आहे. युनेस्कोनें २०११ सालीं त्यास मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें. १९१० पासून १९४५ पर्यंत तो देश जपानच्या अमलाखालीं होता. त्या काळांत तेथील कित्येक तरुण जपानांत राहून कराटे शिकले. स्वातंत्र्यानंतर घरचें व बाहेरचें मिळून जी विद्या उभी राहिली, तिला १९५५ सालीं तायक्वांदो हें नांव मिळालें. त्यांत घरचें किती आणि उसनें किती, यावर पंडितांत वाद आहेत. आपल्याकडे तरी अशा वादांचा तोटा कोठें आहे? १९८८ सालीं सेऊलच्या ऑलिंपिकमध्यें ती केवळ प्रात्यक्षिकापुरती होती. २००० सालीं सिडनी येथें ती पदकांच्या खेळांत आली.

आपल्या कुस्तींत लाथ निषिद्ध. तथापि आपल्याकडे पायाचें शिक्षणच नव्हतें असें म्हणतां येणार नाहीं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधर यांनीं मल्लखांबास नवें जीवन दिलें. त्या मल्लखांबावर कितीएक वेळां सारा देह अढीवर, म्हणजे पायांच्या पकडीवर, तोलून धरावा लागतो. केरळांतील कळरीपयट्टूंत तर आरंभींचा अभ्यासच पाय सरळ, तिरपा, वाटोळा असा डोक्यापर्यंत फेंकण्याचा असतो. हें सारें आम्हीं आत्याबाईंस सांगितलें. शेवटीं असेंही सांगितलें कीं, आपलें शिरूर म्हणजे जुन्या लोकांची घोडनदी. १८१७ च्या अखेरीस येथील छावणींत पूना हॉर्सचे स्वार होते. तेव्हां लाथेशीं या गांवाचा संबंध अगदींच नवा नाहीं. त्या म्हणाल्या, "ते घोडे होते." यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

आतां ही लाथ कशी मारतात तें सांगणें अवश्य आहे; त्याशिवाय पुढील हकीकत कळावयाची नाहीं. डावा पाय पुढें, उजवा मागें, असें किंचित् आडवें उभें राहावयाचें. साध्या लाथेंत मागचा पाय सरळ पुढून येतो. येथें त्याच्या उलट. पुढच्या डाव्या पायाच्या चवड्यावर सर्व शरीर उजव्या अंगानें मागें फिरतें आणि क्षणभर प्रतिपक्षाकडे पाठ होते. मान मात्र धडाच्या आधीं वळून उजव्या खांद्यावरून त्याचें तोंड पुन्हां शोधते. मग गुडघ्यांत मुडपलेला उजवा पाय वर येतो, लक्ष्याच्या किंचित् बाहेर लांब होतो, आणि टांच विळ्यासारखी आडवी ओढली जाते. पाय जवळ आखडला असेल तोंवर गिरकी जलद व लांब केला कीं मंद, असा तेथें नियम आहे. फिरत्या स्टुलावर बसून हातांत दोन वजनें घेऊन हात पसरावे व जवळ घ्यावे, म्हणजे तो कोणासही पाहतां येतो; आम्हीं शाळेंत हा प्रयोग मुलांना करून दाखविला आहे. म्हणून पाय लवकर पसरला तर गिरकी अर्ध्यांत मरते, उशिरां पसरला तर लक्ष्य निघून जातें.

इतकी यातायात कशासाठीं ? तर स्पर्धेच्या नियमांत तिचें मोल मोठें आहे. मुठीचा अचूक ठोसा लागला तर १ गुण. छातीवरील चिलखतावर साधी लाथ लागली तर २, डोक्यावर लागली तर ३. तीच गिरकी घेऊन मारलेली असेल तर छातीवर ४ आणि डोक्यावर ५. परंतु मारणारा स्वतःच तोल जाऊन पडला, तर तो दोष धरून १ गुण प्रतिपक्षास मिळतो. आणि पाठ फिरली असतां समोरच्यानें काय करावें यास कोणाचा प्रतिबंध नाहीं.

नातीची गिरकी अर्ध्यांत अडखळे, आणि टांच जेथें जावयाची त्याच्या वीतभर खालून जाई. वर्गांत चाळीस मुलें; शिक्षक तरुण व कळकळीचे, पण एकेकाकडे किती पाहणार ? हें पाहून आमच्यांतील मास्तर जागा झाला. पस्तीस वर्षें मुलांकडून रूपावलि व कोश घोकून घेतलेले आम्ही. आवृत्ति केली कीं विद्या येते, यावर आमची श्रद्धा. आम्हीं शिक्षकांस न विचारतां तिचा अभ्यास वाढविला. पहांटे अंगणांतील शहाबादी फरशीवर पन्नास गिरक्या, पायांत बळ यावें म्हणून पन्नास बैठका, आणि वर वीस बेडूकउड्या. आम्ही ओसरीवर बसून मोजीत असूं. पोर गुणी, तिनें एक दिवसाचाही खाडा केला नाहीं. आषाढांतल्या पावसाळी पहांटे फरशी निसरडी असे म्हणून आम्ही ती आधीं फडक्यानें कोरडी करीत असूं. एवढी आमची काळजी! गिरकी कांहीं सुधारली नाहीं. पंधरवड्यानंतर मात्र ती जिना उतरतांना कठड्यास धरूं लागली. व्यायामाची संवय होण्यापूर्वीं अंग दुखतें, त्यांतलेंच हें, असें आम्हीं तिला सांगितलें.

महिनाभरानें तिला डॉक्टरांकडे न्यावें लागलें. डाव्या गुडघ्याच्या वाटीखालीं दोन बोटांवर, नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाशीं, एक उंचवटा आला होता. त्यावर डॉक्टरांनीं अंगठा ठेवतांच ती कळवळली. डॉक्टरांनीं कागदावर चित्र काढून समजावून दिलें. मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायु गुडघ्याच्या वाटीवरून येऊन एका बळकट कंडरेनें नडगीच्या याच ठिकाणीं बांधलेला असतो. वाढीच्या वयांत तें ठिकाण अजून कोंवळें असतें. हाडें भराभर लांबतात, स्नायु त्या मानानें आखूड राहतो, आणि तशांत उड्या, धांवणें, खोल बैठका यांची भर पडली कीं कंडरा त्या कोंवळ्या जागेस सारखी ओढूं लागते. मुलींस हें मुलग्यांहून एकदोन वर्षें आधीं होतें. बोस्टनचे ऑस्गुड व झूरिकचे श्लाटर या दोन वैद्यांनीं १९०३ सालीं तें वेगवेगळें वर्णिलें, म्हणून त्या दोघांचींच नांवें त्यास आहेत. घाबरण्याचें कारण नाहीं, असें ते म्हणाले. वाढ पुरी झाली कीं बहुधा दुखणें आपोआप राहतें. तूर्त उड्या व बैठका बंद, दुखेल तें बंद, व्यायामानंतर बर्फाचा शेक, आणि मांडीचा स्नायु हळूहळू ताणण्याचा साधा व्यायाम.

"बैठका कोणीं सांगितल्या ?" त्यांनीं सहज विचारलें.

आम्ही शेजारच्या खुर्चीवर बसलों होतों. नात जमिनीकडे पाहून म्हणाली, "कोणीं नाहीं. मीच माझ्या मनानें करीत होतें."

आणि आम्ही गप्प बसलों.

घरीं आल्यावर व्हावयाचें तें झालें. वडील चिरंजीव म्हणाले, त्या वर्गांत मुलींकडून वाटेल तें करून घेतात, उद्यांपासून वर्ग बंद. आत्याबाई म्हणाल्या, "मी पहिल्या दिवशींच सांगितलें होतें." सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत, त्यांनीं मुलीच्या खोलींत जाऊन तो निळा पट्टा घडी करून कपाटांत ठेविला. नातीनें एक शब्द काढला नाहीं. त्या तरुण शिक्षकास दोष लागत होता, आणि आम्ही पानावरचें ताक पीत होतों.

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशीं देवपूजा करीत असतां विठोबाच्या तसबिरीस गंध लावण्याचा प्रसंग आला. त्याच्या छातीवर जी खूण दाखवितात, ती भृगु ऋषींच्या पायाची, ही कथा वाचकांस ठाऊक आहेच. ऋषीनें निजलेल्या देवाच्या छातीवर लाथ मारली. देव उठला आणि ऋषीचा पाय हातांत घेऊन, माझ्या कठीण छातीनें आपला पाय दुखला तर नाहीं ना, असें विचारूं लागला. ही कथा आम्हीं शाळेंत निदान वीस वेळां सांगितली असेल, आणि दर वेळीं देवाच्या क्षमेवर बोललों असूं. त्या दिवशीं बोट तसबिरीवर तसेंच राहिलें. आमच्या घरांतल्या पोरीचा पाय दुखविला आम्हीं, आणि दुखला का म्हणून विचारण्याचेंही आम्हांस सुचलें नव्हतें. उलट तिनेंच आम्हांस पदराआड घेतलें होतें.

रात्रीं सर्वजण जेवावयास बसल्यावर आम्हीं सांगून टाकलें : पन्नास गिरक्या, पन्नास बैठका, वीस उड्या, आणि दवाखान्यांतील आमचें मौन. थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. मग आमच्या सौभाग्यवती वाढतां वाढतां म्हणाल्या, "मला ठाऊक होतें. पहांटे मोजल्याचा आवाज माजघरांत येत होता. तुम्ही कधीं सांगतां तें पाहत होतें." चिरंजीव म्हणाले, "मग वर्ग बंद करण्याचें कारण उरलें नाहीं." सूनबाईंनीं हातांतली वाटी खालीं ठेवून एवढेंच म्हटलें, "मामंजी, पण यापुढें मोजायचें नाहीं."

दुसऱ्या दिवशीं आम्ही त्या तरुण शिक्षकांकडे जाऊन आमची चूक सांगून आलों. ते हंसले, आणि दौंडास एक जुने जाणते शिक्षक आहेत, त्यांना गुडघा दाखवून मगच ही लाथ पुढें शिकवावी, असें त्यांनींच सुचविलें.

धाकटे चिरंजीव रेल्वेच्या नोकरीनिमित्त दौंडास असतात. भीमेच्या कांठचें हें गांव म्हणजे मोठें जंक्शन. मनमाडकडे जाणारी वाट येथूनच फुटते. राज्य राखीव पोलीस दलाचे ५ व ७ क्रमांकाचे गटही येथें आहेत, त्यामुळें गांवांत व्यायामाची हवा आहे. आमच्या धाकट्या चिरंजीवांनीं त्या गृहस्थांची गांठ घालून दिली. ते त्याच दलांतून निवृत्त झालेले; बोलणें थोडें, आवाज हळू. डॉक्टरांनीं परवानगी देतांच श्रावणांतल्या पहिल्या रविवारीं आम्ही नातीस घेऊन न्हावरें, चौफुला या मार्गानें दौंडास गेलों. पुढें दर रविवारीं हाच क्रम राहिला.

पहिल्या दिवशीं त्यांनीं तिला ती लाथ एकदां, हळू, करावयास सांगितली. पाहिल्यावर म्हणाले, "ही सगळें एकदम करते, म्हणून सगळें एकदम चुकतें." मग त्यांनीं आमच्याकडे वळून विचारलें, घरीं ही कशावर सराव करीत होती ? आम्हीं फरशी सांगितली. त्यांनीं कपाळास हात लाविला. कोरड्या फरशीवर अनवाणी पाय चिकटतो. अंग फिरूं पाहतें, चवडा फिरत नाहीं, आणि मधल्यामध्यें गुडघा पिळला जातो. गुडघा बिजागरीसारखा आहे. पुढें मागें चालावा, पिळावा अशी त्याची घडण नाहीं. ज्या पायानें लाथ मारावयाची त्याकडे सर्वांचें लक्ष असतें. मोडतो तो उभा असलेला पाय. फरशी कोरडी करून देण्याची आमची सेवा आम्हांस त्या वेळीं आठवली.

त्यांनीं जमिनीवर पसरलेल्या रबरी गादीवर खडूनें एक वर्तुळ काढलें. पहिले दोन रविवार नातीनें लाथ मारलीच नाहीं. वर्तुळांत उभें राहून फक्त मान वळवावयाची आणि खांद्यावरून भिंतीवरील एका खुणेस पाहावयाचें, बस्स. नंतर फक्त चवडा : टांच तसूभर उचलून ती खुणेकडे न्यावयाची, वर पाय नाहीं, गिरकी नाहीं. मग भिंतीस धरून फक्त मुडपलेला गुडघा उचलणें. मग फक्त टांचेची ओढ. शेवटीं पाय मुडपून परत जागेवर ठेवणें. मारलेला पाय परत कसा आणावा याचा सराव आमच्या पन्नासांत एकदांही झालेला नव्हता.

आम्ही बांकावर बसून पाहत होतों, आणि पाहतां पाहतां आम्हांस लहानपणची पाठशाळा दिसूं लागली. वेद पाठ करणारा विद्यार्थी संहिता म्हणतो ती संधि केलेली, अखंड. परंतु तो पदपाठही शिकतो, त्यांत प्रत्येक पद सुटें करून म्हणावयाचें. मग क्रमपाठ : पहिलें व दुसरें, दुसरें व तिसरें, तिसरें व चौथें, अशीं जोडीजोडीनें. त्यापुढें जटा, घन इत्यादि आठ विकृति. त्यांत जोड्या उलट सुलट म्हणावयाच्या. असें केल्यावर एक अक्षर इकडचें तिकडे होत नाहीं, कारण चूक झाली तर ती नेमकी कोठें झाली तें तत्काल कानास कळतें. आमच्या गुरुजींनीं आम्हांस थोडेंच, पण याच रीतीनें शिकविलें होतें. शाळेंत नोकरीस लागल्यावर आम्ही मात्र संहिताच घोकवीत राहिलों. पदें सुटीं करण्यास तासिकेंत वेळ नसे. अखंड चुकीची पन्नास वेळां आवृत्ति केली, तर पन्नास वेळां चूकच पाठ होते, हें कळावयास आम्हांस दौंडचा रविवार लागला.

तिसऱ्या रविवारीं त्या गृहस्थांनीं जोड्या लावण्यास आरंभ केला. मान व चवडा. चवडा व गुडघा. गुडघा व टांच. टांच व परत. आम्हांस राहवलें नाहीं; आम्ही म्हणालों, "हा तर क्रमपाठ." ते म्हणाले, "असेल. आमच्याकडे याला नांव नाहीं." मग त्यांनीं तिला उलट करावयास लाविलें : भिंतीस धरून लांब केलेल्या पायापासून मागें मुडपलेल्या गुडघ्याकडे, तेथून पुन्हां लांब. आम्ही त्यास जटा म्हणणार होतों, पण नातीनें डोळ्यांनीं खुणावलें, तेव्हां गप्प राहिलों.

एक अडचण मात्र त्यांच्याही रीतीनें सुटेना. मान व चवडा एकत्र केल्यावर सात आठ गिरक्यांत पोरीस घेरी येई आणि तिचा चेहरा पांढरा पडे. कानाच्या आंत अगदीं खोल तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत व त्यांत द्रव असतो. शरीर फिरलें कीं तो फिरूं लागतो, आणि शरीर थांबलें तरी क्षणभर फिरतच राहतो. घेरी येते ती त्यामुळें. ते गृहस्थ म्हणत, मान शेवटपर्यंत मागें ठेव आणि एकदम झटक्यानें वळव, नजर खुणेवर लवकर टेकव. तिला तें कळे, होत नसे.

श्रावणांत आमच्या शेजारीं एका नव्या सुनेची मंगळागौर होती. नातीस उड्यांची बंदी असल्यामुळें ती भिंतीशीं बसून पाहत होती. बायका फुगड्या घालीत होत्या. आमच्या सौभाग्यवतींनींही, वय विसरून, दोन घातल्या. घरीं येतांना नातीनें विचारलें, "आजी, तुला घेरी येत नाहीं ?" सौभाग्यवती म्हणाल्या, "फुगडींत इकडेतिकडे पाहिलें कीं मुलगी पडलीच. समोरचीच्या तोंडाकडे पाहायचें, म्हणजे बाकीचें जग फिरलें तरी आपण स्थिर." दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं आम्ही ओसरीवरून पाहतों तों अंगणांत आजी व नात समोरासमोर उभ्या ! फुगडी नव्हे, नात एकटी जागच्या जागीं हळू वळत होती आणि आजी समोर उभी राहून, "मी कोठें आहें? आतां कोठें आहें ?" असें विचारीत होती.

फुगडींत समोरची आपल्याबरोबर फिरते, म्हणून तिचें तोंड डोळ्यांपुढें स्थिर राहतें; लाथेंत प्रतिपक्ष जागेवर असतो आणि त्याचें तोंड क्षणभर सोडून पुन्हां पकडावें लागतें. दोहोंत हा भेद आहे, आणि तो आम्हीं सौभाग्यवतींस सांगितलाही. त्या म्हणाल्या, "असूं दे भेद. तिला भिंतीवरची फुली सांपडत नव्हती, माझें तोंड सांपडतें." आणि खरेंच सांपडूं लागलें. पुढच्या रविवारीं तिनें दौंडच्या भिंतीवरील त्या खुणेवर खडूनें दोन डोळे काढले. तेथील गृहस्थ पाहून हंसले, पुसले नाहींत.

भाद्रपद, आश्विन असे गेले. दुखणें कमी झालें. उंचवटा तसाच आहे. तो राहील पण त्रास देणार नाहीं, असें डॉक्टर म्हणतात. डावा पाय दुखेल त्या दिवशीं सराव नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार तिचा एकटीचा. आमचा नाहीं, आणि शिक्षकांचाही नाहीं. दिवाळीनंतर एका रविवारीं ती पांचही अंगें एका ओघांत आलीं. ती संपूर्ण लाथ आम्हांस दिसलीच नाहीं म्हणा ना. समोर धरलेल्या गादीचा 'फट्' असा आवाज मात्र आला. ते गृहस्थ म्हणाले, "आतां आठ दिवस करूं नकोस." कां, तें त्यांनीं सांगितलें नाहीं, आणि तिनेंही विचारलें नाहीं.

मार्गशीर्षांत दौंडास आसपासच्या वर्गांतील मुलांच्या सरावाच्या लढती ठेविल्या होत्या. वाटेंत उसाचे ट्रॅक्टर लागल्यामुळें आमची एस्. टी. उशिरां पोंचली. वडील चिरंजीव, सूनबाई व सौभाग्यवती या वेळीं बरोबर होत्या. आत्याबाई आल्या नाहींत. नातीस निळें चिलखत, समोरच्या मुलीस तांबडें. दोघींच्या डोक्यावर जाड शिरस्त्राण. 'चार्योत', म्हणजे सावधान. 'क्योंग्ने', म्हणजे वंदन. दोघींनीं कमरेंत वांकून एकमेकींस वंदन केलें, तेव्हां सौभाग्यवतींनीं समाधानानें आमच्याकडे पाहिलें.

पहिली फेरी नात हरली. समोरची मुलगी उंच, सारखी मागें सरके आणि लांबून पाय टाकी. आम्ही त्या पाठमोऱ्या लाथेची वाट पाहत होतों. नातीनें ती मारलीच नाहीं. मधल्या विसाव्यांत न राहवून आम्हीं विचारलें, तेव्हां पाणी पितां पितां म्हणाली, "ती मागें जाते आहे, आजोबा. आतां फिरलें तर नुसती पाठ देईन. तिला पुढें येऊं दे." ही गोष्ट आम्हांस पांच महिन्यांत सुचली नव्हती. दुसऱ्या फेरींत गुण पुढें असल्यामुळें ती मुलगी धीट होऊन पुढें आली. नातीचा डावा चवडा वळलेला आम्हीं पाहिला; त्यानंतर जें झालें तें आमच्या डोळ्यांच्या वेगाबाहेरचें होतें. टांच शिरस्त्राणास लागली. जोराची नव्हे, हातानें चापट मारावी तितकीच. पाय परत आला आणि ती उभी होती. ५ गुण. फेरी तिची झाली. तिसरी फेरी मात्र ती चांगल्या दोन गुणांनीं हरली, आणि लढतही गेली. चिरंजीव हळहळले. आम्हांस हळहळ वाटली नाहीं असें लिहिलें तर तें खोटें होईल.

शेवटीं पुन्हां 'चार्योत', पुन्हां 'क्योंग्ने'. वंदन संपलें, मुली वळल्या, आणि मग नात दोन पावलें परत गेली. तिनें हात पुढें करून त्या मुलीच्या शिरस्त्राणास लाविला, व तो हात आपल्या छातीशीं नेला. ती दौंडची मुलगी प्रथम गोंधळली. मग तिच्या ध्यानांत आलें असावें. तिनें वांकून नातीच्या चिलखतास हात लाविला आणि तसाच नमस्कार केला. तिच्या लाथा आमच्या नातीस अधिक लागल्या होत्या.

घरीं पोंचावयास रात्रीचे नऊ वाजले. आत्याबाई ओसरीवर जागत बसल्या होत्या. कोण जिंकलें हें त्यांनीं विचारलें नाहीं. नातीनें आपण होऊन सांगितलें, "आत्याबाई, लागली. डोक्याला."

"नमस्कार केलास ?"

"केला."

आत्याबाईंनीं जपमाळ पिशवींत ठेविली, तिला जवळ बसवून तिचा उजवा पाय आपल्या मांडीवर घेतला, आणि टांचेवरून हात फिरवीत विचारलें, "दुखला का ग ?"